बटण जागीच लावून मिळेल

"बाई, तुमच्या सासूबाईंवर जरा नजर ठेवा," असं मोठ्या दुकानाच्या दारावरच्या रखवालदाराने मला सांगितलं तेव्हा मी हसले होते.

तो म्हणाला, "रोज येतात. तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभ्या राहतात. घेत काही नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, काय दाखवू म्हणून."

"अहो, त्यांचा जन्म गेलाय इथे. सवय जात नाही एवढंच."

"सवय वेगळी आणि हे वेगळं. काल मला म्हणाल्या, नवीन लागलास का रे? माझ्या लग्नाच्या कोटाला त्यांनीच बटणं लावली होती, बाई. मी नवीन?"

बाबागाडीत बाळ किरकिरत होतं, त्याची दुधाची वेळ टळून गेली होती. "बघते हं," म्हणून मी निघाले. संध्याकाळी नवऱ्याला हे गंमत म्हणून सांगितलं. तोही हसला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "कशाला हसताय रे दोघं?" तर आम्ही आणखीच हसलो.

दुकानात सासूबाईंना सगळे बटणबाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डोक्याशी बटणं, दोरे आणि फितींचा लांबलचक काउंटर होता. त्याच्यामागे राखाडी कोट घालून त्या उभ्या असत. वर पाटी होती : बटण जागीच लावून मिळेल. म्हणजे तुम्ही काही घ्या अगर घेऊ नका, अंगावरच्या कपड्याचं बटण तुटलेलं दिसलं की बटणबाई तुम्हाला स्टुलावर बसवणार, डबे उघडून जुळणारं बटण शोधणार आणि कपडा अंगावर असतानाच ते लावून देणार. पैसे नाहीत. "पैसे घेऊन कुणीही लावील. त्यात आमच्या दुकानाचं काय?" असं त्या मोठ्या ऐटीत म्हणायच्या, दुकान जसं काही त्यांच्या वडिलांनी बांधलेलं.

ते जुनं दुकान मलाही आठवतं. लहानपणी आई मला तिथे बूट घ्यायला न्यायची. बुटांच्या विभागात एक टकला माणूस होता. तो गुडघ्यावर बसून माझं पाऊल हातात घ्यायचा, बुटाचं टोक अंगठ्याने दाबून विचारायचा, "काय राणीसाहेब, बोटांना खेळायला जागा आहे का?" मी नुसती मान हलवली की "हुकूम झाला" म्हणत परत शिडीवर चढायचा. आई घड्याळ बघत असायची, तो नाही बघायचा. आता तिथे बूट खोक्यांत रचून ठेवलेत आणि विचारायला एक संगणकाचा पडदा आहे. आपण बोललो की पडदा म्हणतो, "माफ करा, तुमचा प्रश्न समजला नाही." सासूबाई त्याला म्हणायच्या, "अरे, मग समजणाऱ्याला बोलाव!" लोक वळून बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाळ झाल्यावर त्या दुकानाच्या गोष्टी सांगायच्या. मी बाळाला पाजत बसले की समोर खुर्ची ओढून सुरू करायच्या. त्यातली बाळखोलीची गोष्ट त्यांची लाडकी. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे एक खोली होती. बाळांना घेऊन आलेल्या बायका बाळ तिथे ठेवून निवांत खरेदी करायच्या. आत एक जाडजूड दाईबाई असायची. बाळ घेताना ती बटणांची एक जोडी काढायची, तशी एकच उरलेली, दुसरीकडे कुठे न मिळणारी. एक बटण दोऱ्याने बाळाच्या मनगटाला बांधायचं आणि दुसरं आईला द्यायचं. जोड्या अर्थातच बटणबाईंच्या काउंटरवरून जायच्या.

"आणि बटण जुळलं नाही तर?" मी एकदा विचारलं.

"तर बाळ मिळायचं नाही. एका बाईचं बटण पडलं कुठेतरी. ती रडते, ओरडते, बाळ तिच्याकडे बघून हसतंय. ती म्हणाली, बघा, ओळखतंय मला! दाईबाई म्हणते कशी, ते मघापासून माझ्याकडे बघूनही हसतंय, म्हणून काय मी त्याची आई झाले?"

सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आम्ही सगळ्या जणी शोधायला लागलो तेव्हा मिळालं. पडद्यांच्या कापडात. पण दाईबाईने दिलं नाही म्हणजे नाही. कुणाचं बाळ कुणाच्या हाती पडलं असतं तर?"

मला ती गोष्ट ऐकून बरं वाटायचं. मी घाबरट आहे, ते मला ठाऊक आहे. बाळ झोपलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरते. टेबलांच्या कोपऱ्यांना फोम चिकटवलाय, खिडक्यांना साखळ्या लावल्यात. नवरा म्हणतो, एवढी शिकलीस ती काय घराला कुलपं लावायला? कॉलेजात मला वाटायचं जग म्हणजे दारं उघडायची जागा आहे. आता दार दिसलं की पहिल्यांदा त्याची फट दिसते, बाळाचं बोट सापडेल अशी. म्हणून बटण जुळवल्याशिवाय बाळ न देणारी ती दाईबाई मला फार आवडायची. अशी बाई अजून कुठे असती तर मीही कधी निवांत झाले असते.

त्या दिवशी निवांत मी घरीच झाले. बाळाला दात येत होते, कित्येक रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी पाजता पाजता माझी मान कलली. बाळाने माझ्या सदऱ्याचं बटण मुठीत धरून ओढलं आणि ते तुटून कॉटखाली गेलं. बाळाच्या तोंडात जाईल म्हणून मी ते रांगत जाऊन शोधलं, कचऱ्यात टाकलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"फेकलंस? अगं, चांगलं बटण होतं."

"आई, मला उभं राहवत नाहीये हो."

"मग पड की. मी बघते त्याला. मुलं वाढवलीत मी, बाहुल्या नाही."

बोलणं अगदी नेहमीचं होतं. टोमणासुद्धा नेहमीचाच. मी पडले आणि दगडासारखी झोपले.

जाग आली ती शांततेने. ज्यांच्या घरात बाळ आहे त्यांना ती शांतता कशी असते ते सांगायला नको. बाळ नव्हतं. सासूबाई नव्हत्या. दाराजवळची बाबागाडी नव्हती. आधी वाटलं, फिरायला नेलं असेल. मग खुंटीकडे लक्ष गेलं. खुंटीवर त्यांचा राखाडी कोट नव्हता. नोकरी सुटल्यावरही तो कोट त्यांनी परत केला नव्हता, आणि आम्हीही कधी विषय काढला नव्हता. त्या क्षणी रखवालदाराचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

मी तशीच धावले. घरातला पांढरा सदरा, छातीवरचं बटण गायब, हाताने धरलेला. पायांत दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला. धावता धावता नवऱ्याला फोन लावला. तो कारखान्यात, तिथे फोन कुलपात ठेवावे लागतात. वाजून वाजून बंद झाला.

दुकानाच्या दारावर रखवालदार नव्हता. त्याच्या जागी खांबावर एक काळा गोल डोळा बसवला होता. मी त्या डोळ्याला म्हटलं, "एक म्हातारी बाई, बाबागाडी घेऊन..." आणि मग कळलं की मी खांबाशी बोलतेय. आत सगळीकडे संगीत. तळमजल्यावर बिलांच्या यंत्रांपुढे माणसं मान खाली घालून आपापल्या वस्तू लुकलुकत्या दिव्यापुढे धरत होती. मी एकीला विचारलं. तिने कानातलं काढलं, "मी इथे काम नाही करत," म्हणाली आणि परत घातलं. मदतीसाठी म्हणून भिंतीवर एक लाल बटण आहे. ते दाबलं. छान आवाजात उत्तर आलं, "आमचे सर्व सहकारी सध्या इतर ग्राहकांच्या सेवेत आहेत. तुमची वेळ आमच्यासाठी मोलाची आहे." मी आजूबाजूला बघितलं. अख्ख्या मजल्यावर एकही सहकारी कुणाच्या सेवेत नव्हता.

सरकत्या जिन्यावर मी पळत चढले. तिसरा मजला. जिथे बटणांचा काउंटर होता तिथे आता मोबाइलच्या कव्हरांची भिंत आहे, खालपासून वरपर्यंत टांगलेली. त्या भिंतीपुढे, हात पोटाशी जुळवून, राखाडी कोटातल्या सासूबाई उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले. चेहरा इतका प्रसन्न की घरात मी तो तसा कधी बघितला नव्हता.

बाबागाडी नव्हती.

"आई! बाळ कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "या बाई, या. काय दाखवू तुम्हाला?"

तुम्हाला. घरात आल्यापासून त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. अगं, सूनबाई, रागावल्या तर "कॉलेजवाली". 

"आई, मी आहे. बाळाला कुठे ठेवलंत? गाडी कुठाय?" मी त्यांचे दंड धरून हलवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे एकदम घाबरले, ओरडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे होतात तसे. त्या मागे सरकल्या. पाठ कव्हरांना लागून चारदोन कव्हरं खाली पडली.

"बाई, तुम्ही शांत व्हा. इथे कुणाचं काही हरवत नाही."

गळ्यात कार्ड आणि कानात यंत्र घातलेली एक पोक्त बाई घाईने आली. दुकानातली, शेवटी एकदाची. मी तिला सांगायला लागले, पण माझं सांगणं मलाच धड कळत नव्हतं. ती एका कानाने मला ऐकत होती, दुसऱ्या कानात तिला कुणीतरी दुसरंच सांगत होतं. "बाळ हरवलं असेल तर तळमजल्यावर मदतीचं बटण आहे," ती म्हणाली.

"ते दाबून आलेय मी!"

"मग कुणीतरी येईल." तिने खाली पडलेली कव्हरं उचलली, परत टांगली आणि निघाली. मी तिच्या बाहीला धरलं. तिने बाही सोडवून घेतली. "माझ्या मजल्यावर मी एकटी आहे हो," असं काकुळतीला येऊन म्हणाली. कानातल्या कुणाला तरी "आले, आले" म्हणत ती गेली.

मी परत सासूबाईंकडे वळले. ओरडून काही व्हायचं नाही हे कळलं होतं. बाळ कुठे आहे ते या जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस मला ओळखत नव्हता. मी आवाज खाली आणला. "बटणबाई," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. "बोला ना."

"माझं... माझं बाळ..."

"ते होईल हो. आधी इकडे या. बटण तुटलंय तुमचं. असं हाताने धरून का फिरताय? बसा."

स्टूल नव्हतं. कोपऱ्यात कव्हरांचं एक बंद खोकं होतं, ते त्यांनी पायाने पुढे ढकललं. मी बसले. मला पळायचं होतं, सगळे मजले पालथे घालायचे होते, आणि मी बसले. कारण गिऱ्हाईक होऊन बसण्यापलीकडे त्यांच्याशी बोलायचा दुसरा रस्ता नव्हता. त्यांनी कोटाच्या कॉलरमागे टोचलेली सुई काढली. सुईत दोरा ओवलेलाच होता. त्या खाली वाकल्या, एक हात माझ्या सदऱ्याच्या आत घालून कापड पुढे घेतलं, कातडीला सुई लागू नये म्हणून.

"हलू नका हं. श्वास घ्या, पण हळू."

छातीत दूध दाटून आलं होतं. ते आपोआप झरायला लागलं, सदरा भिजायला लागला. त्यांनी बघितलं. दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशातला रुमाल काढून माझ्या सदऱ्याच्या आत ठेवला आणि टाके घालत राहिल्या. शांत, सावकाश. वर, खाली, वर, खाली. जन्मात मला कुणी इतक्या मायेने वागवलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की किंचाळावं. प्रत्येक टाक्याला बाळ कुठेतरी रडत असेल, कुणी उचलत असेल, जिन्यावरून गाडी गडगडत असेल. त्यांच्या जुन्या दुकानात कुणाला घाई नसायची. माझं सगळं आयुष्य आत्ता घाईत अडकलं होतं आणि सासूबाई दोऱ्याला पीळ देत होत्या.

"बाळ लहान आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो. फार लहान आहे. बटणबाई, कुठे ठेवलं असेल हो त्याला?"

"त्याची कशाला काळजी? तुम्ही निवांत बघा काय बघायचं ते." दाताने दोरा तोडला, बटणावर अंगठा फिरवला. "झालं."

मी खाली बघितलं. पांढऱ्या सदऱ्यावर हिरवंगार बटण. पानाच्या आकाराचं, मध्ये शीर कोरलेलं. बाकी सगळी बटणं साधी, पांढरी, गोल.

तेव्हा मला रडू फुटलं. बाळासाठी नाही, ते नंतर. ज्या बाईने जन्मभर रंगाला रंग, काठाला काठ जुळवला, पांढऱ्यातसुद्धा दहा पांढरे वेगळे काढले, तिने हे बटण लावावं? म्हणजे संपलंच की सगळं. हिच्या डोक्यात आता काही शिल्लक नाही, हिला काही आठवायचं नाही.

"हे जुळत नाही हो," मी हुंदके देत म्हटलं.

त्या किंचित दुखावल्या. "न जुळणारं मी देईन? जाऊन बघा की, जुळतं की नाही ते."

जाऊन बघा. कुठे जाऊन?

आणि मी उठले. खोकं उलटं पडलं. दुसरा मजला, लिफ्टच्या मागे.

सरकता जिना वर येणारा होता, मी त्यावरून उलटी खाली उतरले. लिफ्टच्या मागे एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला दार. दारावर लिहिलेलं : परत आलेला माल. ग्राहकांना प्रवेश नाही. दार बंद. शेजारी कार्ड लावायची डबी. मी दारावर मुठी मारल्या, लाथा मारल्या, बाळाचं नाव घेऊन ओरडले. संगीताचा आवाज इतका की माझा मलाच ऐकू येईना. मग मागून कुणीतरी माझा खांदा बाजूला केला. तिसऱ्या मजल्यावरची तीच बाई. धापा टाकत होती. तिने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं होतं.

"त्या बाई म्हणाल्या, इथे आलात तुम्ही," ती म्हणाली आणि गळ्यातलं कार्ड डबीला लावलं.

आत खोकीच खोकी. जाळीच्या उंच ढकलगाड्या, त्यांत लोकांनी परत पाठवलेले पंखे, उशा, दिवे. एक माणूस कानांवर मोठे ठोकळे चढवून, आमच्याकडे पाठ करून, प्लास्टिकच्या पातळ कागदाचं भलंमोठं रीळ फिरवत होता. गाडी गुंडाळायची, पुढे ढकलायची, दुसरी घ्यायची. खाली ट्रकमध्ये जायचा होता तो माल. जवळच परत आलेल्या बाबागाड्या रांगेत उभ्या होत्या. शेवटची माझी होती. छत पुढे ओढलेलं, वरून सासूबाईंची पातळ शाल, झोपलेल्या बाळावर उजेड येऊ नये म्हणून घालतात तशी. आणि छतावर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, काळ्या रेघांची. परत आलेला माल.

तिच्या अलीकडची गाडी त्याने नुकतीच गुंडाळून संपवली होती. त्याने आमच्या गाडीच्या दांड्याला हात घातला, तिला स्वतःकडे ओढलं आणि रिळाचं टोक शोधायला लागला.

मी कशी पोहोचले मला आठवत नाही. शाल ओढली, छत मागे केलं. बाळ जागं होतं. घामाने डबडबलेलं, लालबुंद, पण जागं. रडून रडून थकलं असावं, आवाज बसला होता. मनगटाला दोऱ्याने बांधलेलं काहीतरी ते हिरड्यांनी चावत होतं. मी ते त्याच्या तोंडातून काढलं. पानाच्या आकाराचं हिरवं बटण. मध्ये शीर कोरलेलं.

त्या माणसाने कानांवरचे ठोकळे काढले. आधी वैतागला, मग बाळ दिसलं. "माल आत घेताना दार उघडंच असतं. गाडी आतच उभी होती हो," तो म्हणाला, "मला वाटलं..."  रीळ हातात तसंच धरून भिंतीला टेकून खाली बसला. तो बसला तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, भिंतीच्या रंगाखालून बदकांची एक रांग पुसट दिसत होती.

त्या खोलीत दाईबाई नाही हे सासूबाईंना दिसलं कसं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. दिसलीच असेल त्यांना. त्यांनी बाळ कुठेही टाकून दिलं नव्हतं. त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ते ठेवलं होतं, रीतसर, शाल घालून, बटण बांधून. आणि दुसरं बटण माझ्या हातात आल्याशिवाय त्यांनी मला बाळाचा पत्ता लागू दिला नाही. हे मी नवऱ्याला समजावायला गेले. तो कामावरचे कपडे न बदलता बाळाला छातीशी धरून बसला होता. म्हणाला, "बास. आई आता एकटी घराबाहेर जायची नाही." नणंद लांबच्या गावी असते, तिचा फोन आला. "वहिनी, तू झोपलीस तरी कशी गं?" मी म्हटलं, "डोळे मिटून." तिने फोन ठेवला.

दुकानाकडून एक निरोप आला. झाल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

तेव्हापासून दाराला वरच्या बाजूला एक कडी आहे, सासूबाईंचा हात पोहोचत नाही अशी. सकाळी नवरा गेला की त्या कोट घालून दारापाशी येतात. "उघड गं, उशीर होतोय. लोक खोळंबले असतील." आधी समजुतीने, मग दारावर थापा. एकदा इतक्या थापा मारल्या की तळहात सुजला. मी शेकत बसले तर मला म्हणाल्या, "तुम्ही कोण बाई? तुम्हाला कुणी सांगितलं माझा हात धरायला?" आणि थोड्या वेळाने, "सूनबाई, बाळ रडतंय, ऐकू येत नाही का?" दोन्ही एकाच तोंडाने. मला दोघांवर नजर ठेवायची आहे आणि डोळ्यांची जोडी एकच आहे. एकाकडे बघितलं की दुसरं माझ्या पाठीमागे असतं.

आज बाळाला ताप आहे. औषधवाल्याने बेल वाजवली. बाळ काखेत, पैसे दुसऱ्या खोलीत. मी कडी काढली, आत गेले, बाहेर आले, औषध घेतलं, दार लोटलं. कडी घालायची तेवढी राहिली. बाळाला औषध पाजलं, त्याने ओकलं, पुन्हा पाजलं, कपडे बदलले. मग खुंटीकडे लक्ष गेलं. कोट नाही.

नवऱ्याचा फोन कुलपात आहे. पोलिसांनी लिहून घेतलंय, वाट बघा म्हणाले. दुकानाच्या मदतीच्या नंबरावर मघापासून संगीत वाजतंय. तो रखवालदार असता तर त्याने सांगितलं असतं. शेजारी कुणी घरी नाही. अंगार झालेल्या बाळाला घेऊन त्या गर्दीत, त्या जिन्यांवर मी पुन्हा कशी जाऊ? आणि त्याला कुणापाशी ठेवू? बाळ ठेवावं असं एकच माणूस माझ्या ओळखीचं होतं, आणि त्यालाच मी शोधतेय.

तुम्ही त्या बाजूला असाल तर जरा वर जाऊन याल का? तिसऱ्या मजल्यावर, मोबाइलच्या कव्हरांच्या भिंतीपाशी. राखाडी कोट, केस नीट विंचरलेले. त्या विचारतील, काय दाखवू. तेव्हा "काही नको, नुसतं बघतोय" असं म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. बटण सैल असेल तर लावून घ्या, नसेल तर एखादं सैल करा. वेळ लागेल, घाई करू नका. ओरडू तर अजिबात नका. झालं की म्हणा, "बटणबाई, दुकान बंद होतंय, चला, सोबत जाऊ." एवढं म्हटलं की त्या येतात.

आणि तिथे दिसल्या नाहीत तर दुसऱ्या मजल्यावर जा, लिफ्टच्या मागे. परत आलेल्या मालाची खोली. दार बंद असेल, पण वाजवत राहा, कुणीतरी उघडेल. जे काही झाकलेलं असेल, गुंडाळलेलं असेल, ते उघडून, आत वाकून बघा.